मिळून आला नाही

आमच्या आणि कुंदाताईंच्या अंगणांमधली भिंत छातीइतकी उंच आहे. मधल्या जागी दोन विटा कधीतरी पडल्या, त्या दोन्ही घरांनी मुद्दामच बसवल्या नाहीत. त्या खाचेतून गेली एकोणीस वर्षं विरजण, कढीपत्ता, कुकरची रिंग आणि अख्ख्या लेआउटच्या बातम्या ये-जा करतात. मी मूळची साताऱ्याची. नागपुरात आले तेव्हा ‘लेआउट’ म्हणजे मासिकाच्या पानाचा असतो, एवढंच मला ठाऊक होतं. इथली भाषा, इथला उन्हाळा आणि इथली माणसं मला कुंदाताईंनी शिकवली. कोर्टात बत्तीस वर्षं नोकरी करून सहायक अधीक्षक म्हणून त्या निवृत्त झाल्या. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात वऱ्हाडी आणि कोर्टाची मराठी अशी काही मिसळली आहे की ‘सदर इसम’ आणि ‘पोट्टा’ एकाच वाक्यात सुखाने नांदतात.

गुरुवारी संध्याकाळी मी कूलरची जुनी खस उपसत होते. खाचेतून आधी वाटी आली, मग चष्मा, मग कुंदाताई.

“वैनी, मंगळवारची जीप पायली का तुम्ही?”

“ऐकली. सकाळी सहाला कुत्री भुंकत होती. मला वाटलं कचऱ्याची गाडी.”

“कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. हे गुपचूप आले.” त्यांनी वाटी भिंतीवर ठेवून दिली, म्हणजे विषय पाच मिनिटांत आटपणारा नव्हता. “टिनाच्या शेडवाल्यांच्या बंटीले नेलं. पोटगीचं वॉरंट.”

माझ्या हातातली खस हातातच राहिली. बंटीची बायको माहेरी वर्ध्याला गेली त्याला दोन वर्षं झाली. पोरगी तेव्हा पाच वर्षांची होती, आमच्या फाटकाला लोंबकळायची. कशावरून बिनसलं याच्या लेआउटमध्ये चार आवृत्त्या आहेत. त्यातली एक माझ्याच स्वयंपाकघरात तयार झाली, तेव्हा त्याबद्दल न बोललेलंच बरं.

“किती थकले होते?”

“सात हजार महिना. चार पोरीचे, तीन तिचे. अकरा महिन्यांचे सत्त्याहत्तर हजार.”

“अकराच कसे? दोन वर्षं झाली ना?”

“पहिले दिले होते काही महिने, शोरूमची नोकरी होती तवा. अन् वसुलीचा अर्ज पैसे थकल्यापासून वर्षाच्या आत टाकावा लागते. म्हणून वकील लोकं दहा-अकरा महिन्यांचं गठुडं बांधून एकदम टाकतात. एकेका बाईचे पाच-पाच वसुली अर्ज पायले मी. मूळ केस एक, तिच्या पोटी पाच लेकरं.”

“मग याआधी पोलिस आले नाहीत?”

“आले ना! तीनदा वॉरंट आलं. तीनदा परत गेलं.” त्यांनी चष्मा नीट केला आणि आवाज कोर्टाचा केला. “‘सदर इसम नमूद पत्त्यावर मिळून आला नाही.’ सदर इसम घरात तर्री-पोहे खाऊन राहिला होता.”

मी हसले, कारण गणपतीत तो सदर इसम चौकात ढोल बडवत होता हे मी स्वतः पाहिलं होतं. सगळ्या लेआउटला रोज मिळून येणारा माणूस फक्त वॉरंट घेऊन आलेल्या शिपायाला तेवढा मिळून येत नव्हता. यावेळी बायकोचा भाऊच रजा टाकून आला. जीपमध्ये पुढे बसला आणि बोटाने घर दाखवलं.

“त्या बाईचं काय जाते बघा,” कुंदाताई म्हणाल्या. “भावाची रजा, एसटीचं भाडं, वकिलाची फी. पोटगी मिळवायले जेवढी पोटगी लागते तेवढी पोटगी मिळत नाही.”

एवढं ऐकून माझं मन तिच्या बाजूला गेलं होतं. पण जीप गेल्यावर बंटीची आई रस्त्यावर धावत आली होती, एका पायात स्वतःची चप्पल आणि एका पायात नवऱ्याची. तेही मी गॅलरीतून पाहिलं होतं, फक्त का ते तेव्हा कळलं नव्हतं. ते आठवलं आणि मन पुन्हा इकडे आलं. गॉसिप करणाऱ्या बाईला एवढं हलकं मन परवडत नाही.

“आता किती दिवस आत ठेवतील?” मी विचारलं.

“कलम १२५ म्हणायचो आम्ही. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, आता ते कलम १४४. माझ्या तोंडातून १२५च निघते. नव्या सुनेले जुन्या सुनेच्या नावानं हाक मारल्यासारखं होते.” त्या स्वतःच हसल्या. “त्यात असं लिहिलं आहे का, एका थकलेल्या महिन्याले जास्तीत जास्त एक महिना कैद. अन् मधी पैसे भरले का त्याच घडीले बाहेर. पण १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका केसमध्ये म्हटलं, मॅजिस्ट्रेटले एका महिन्याच्या वर पाठवता येत नाही. त्याचा अर्थ कोण्या कोर्टानं कसा लावला, कोण्या कोर्टानं कसा. अकरा महिन्यांचे अकरा का एक, ह्याच्यावरच वकील दोन तारखा खातात.”

“म्हणजे महिनाभर बसून आला की हिशेब मिटला.”

“नाई न बाप्पा! तिथंच तर सारे फसतात. पोट्टे म्हणतात, ‘म्याडम, मी जेल कापतो, मले पैसे नाही द्यायचे.’ मी सांगायची, कुलदीप कौरची केस आहे, १९८८ची. सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलं, जेल हे वसुलीचं हत्यार आहे, जेलनं पोटगी फिटत नाही. जेल कापून ये, सत्त्याहत्तरचे सत्त्याहत्तर उभेच. अन् आत होतास तो महिना चढला वरून.”

मी मनातल्या मनात बेरीज केली. आत जाताना सत्त्याहत्तर, बाहेर येताना चौऱ्याऐंशी, आणि मधल्या महिन्यात कमाई शून्य. सावकाराच्या वहीतसुद्धा ऋणको बाहेर फिरून कमावत तरी असतो.

माझा भाचा दक्षिण कॅरोलिनात असतो. तो तिथे नवा होता तेव्हा त्या राज्यातली एक केस गाजत होती, तिची गोष्ट त्याने मला फोनवर सांगितली होती. ती मी कुंदाताईंच्या वाटीत टाकली. मायकेल टर्नर नावाचा माणूस. मुलासाठी आठवड्याला ५१.७३ डॉलर द्यायचे. चुकले की आत, काही भरले की बाहेर, पुन्हा आत. २००८ साली ५,७२८ डॉलर थकलेले असताना न्यायाधीशाने बारा महिन्यांची कैद सुनावली. वकील दिला नाही, आणि तुझ्याकडे भरायला आहेत का, याची धड चौकशीही केली नाही. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं. २०११ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला : अशा माणसाला दरवेळी सरकारी वकील द्यायलाच हवा असं नाही, पण त्याची ऐपत आहे की नाही हे नीट तपासल्याशिवाय आत टाकणं चूक.

“पण तवापर्यंत बारा महिने कापून झाले असतील त्याचे,” कुंदाताई म्हणाल्या.

“झाले होतेच.”

“तिथं पगारातून नाही कापत का?”

“तिथली बहुतेक वसुली तशीच होते. हुकूम थेट मालकाकडे जातो, पैसे हातात यायच्या आधीच कापले जातात. वर गाडीचा परवाना अडवतात. अडीच हजार डॉलरच्या वर थकबाकी गेली की पासपोर्ट मिळत नाही.”

“गाडीचा परवाना अडवला तर कामावर कसा जाईन तो?”

हा प्रश्न भाच्यालाही मी विचारला होता. तो म्हणाला होता, मावशी, तिथेही सगळे हेच विचारतात.

“आपल्याकडंही पगार जप्त करता येते,” कुंदाताई सांगू लागल्या. “दिवाणी कायद्यात पोटगीच्या डिक्रीसाठी पगाराचा एक तृतीयांश तेवढा सोडतात, बाकीच्यावर हात घालता येते. पण पगार पायजे ना! बंटी आता डब्बे पोचवते मोटरसायकलवर. सकाळी ॲप उघडलं तर धंदा, नाही तर नाही. जप्ती कशाची करता? हेल्मेटची?”

इथे त्या थांबल्या. तोंडल्याच्या वेलावरची एक पिकलेली तोंडली तोडून त्यांनी माझ्या अंगणात टाकली. त्या काहीतरी खाजगी सांगणार असल्या की असं होतं.

“मागच्या लाइनीतले क्लासवाले माहीत आहेत न तुम्हाले?”

माहीत आहेत. आमच्या लेआउटमध्ये तीन मजली घर त्यांचं एकट्याचं आहे.

“त्यांच्याही बायकोची केस चालून राहिली. तीन वर्षं. प्लॉट मायच्या नावानं, क्लास भावाच्या नावानं, अन् ह्यांचं रिटर्न पायलं तर वाटते आपणच ह्यांले धान्य नेऊन द्यावं. हुकूम झाला का वरच्या कोर्टात स्टे. अर्धे भरा म्हटलं का अर्धे भरतात, अन् अर्ध्यासाठी पुन्हा तारीख. त्यांच्या फाटकावर जीप कधीच नाही आली.” त्यांनी टिनाच्या शेडकडे हनुवटी केली. “इथं येते.”

ऐपत असून न देणारा आणि ऐपत नसल्याने न देणारा, कायद्याच्या पुस्तकात हे दोघं वेगळे आहेत. पैसे असूनही पुरेशा कारणाशिवाय टाळतो त्याला कैद, असाच त्या कलमाचा रोख. पण वॉरंट लिहिताना रकाना एकच असतो. कुंदाताईंच्या टेबलावरून गेलेल्या वॉरंटांत हातगाडीवाले, रोजंदारीवाले, दारूडे, शेती बुडालेले असे किती गेले ते त्यांनी मोजलं नव्हतं. क्लासवाल्यांसारखे एका हाताच्या बोटांवर मोजले होते, ते लक्षात राहिले म्हणून.

“धडधाकट माणसानं कमवावंच असं कोर्ट म्हणतं ना?” मी विचारलं.

“म्हणते. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा सांगितलं, धडधाकट असशील तर मजुरी कर पण बायको-लेकरांले दे. मी म्हणते, बरोबरच आहे. जेलात टाकलं तर मजुरी कोण करन, हे मात्र त्या निकालात शोधलं तरी सापडलं नाही मले.”

“मग जेलच बंद करावी.”

हे मी सहज बोलून गेले. कुंदाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सुट्टीच्या दिवशी तारीख मागायला आले आहे.

“अन् त्या पोरीची फी कोण भरन? तुम्ही?”

मी गप्प.

“वैनी, मी बाया पायल्या आहेत. काटोलहून, उमरेडहून पहिल्या एसटीनं यायच्या. काखेत पोट्टं, पिशवीत भाकर. तारीख अकराची, नाव पुकारलं जाते चार वाजता. नवरा गैरहजर. मंग पुढची तारीख. मूळ कायद्यात पोटगीले पाचशे रुपयांची मर्यादा होती, २००१ मध्ये काढली. म्हणजे अक्कल यायले किती वर्षं लागली पहा. अन् आपल्या नागपूरचीच केस आहे, रजनीश विरुद्ध नेहा, साऱ्या देशात गाजली. बाईनं अर्ज केला २०१३ मध्ये, पोरगं तवा वर्षाचंही नव्हतं. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला नोव्हेंबर २०२० मध्ये. कशाचा निकाल? अंतरिम पोटगीचा! अंतरिम म्हणजे तात्पुरती. तात्पुरत्यावरच सात वर्षं. पोरगं शाळेत जायले लागलं.”

त्या निकालाने एक काम चांगलं झालं, असं त्या म्हणतात. दोघांनीही आपली मिळकत, कर्ज, खर्च, सगळं प्रतिज्ञापत्रावर मांडायचं. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. आधी कोणी अर्जापासून देई, कोणी हुकुमापासून. प्रतिज्ञापत्रात माणसं खोटं लिहितातच, पण खोटं लिहिताना थोडा घाम तरी येतो.

“जेलची भीती नसती न, तर वैनी, निम्म्या बायांले रुपया दिसला नसता. वॉरंट हातात पडलं का जो माणूस कालपर्यंत ‘खायले नाही’ म्हणायचा तो दुपारी चार वाजेपर्यंत पन्नास हजार आणते. मी माझ्या डोळ्यांनी पायलं आहे. प्रश्न आहे का आणते कुठून.”

“कुठून?”

“मायकडून.” त्यांनी वाटी उचलली, पुन्हा ठेवली. “बत्तीस वर्षांत खिडकीवर थकबाकी भरायले स्वतः नवरा आलेला मी क्वचित पायला. माय येते. नाही तर बहीण, नाही तर म्हातारा बाप, पेन्शनीचं पासबुक घेऊन. नोटा रुमालात बांधलेल्या, हळदीचा वास येते त्यांले. पोट्टा आत बसते अन् वसुली त्याच्या मायच्या पाटल्यांची होते. म्हणून तर जेल लागू पडते! मायले धरता येत नाही, म्हणून लेकाले धरतात.”

हे काही त्यांनी आवाज चढवून सांगितलं नाही. विरजण आंबट झालंय, अशा सुरात सांगितलं. मला मात्र गणित एकदम उलटं दिसलं. मी इतका वेळ ज्याला आरोपीची शिक्षा समजत होते, ती ओलिसाची खंडणी होती, आणि तरीही त्या खंडणीतून एका सात वर्षांच्या पोरीचं दप्तर येत होतं. यातलं कुठलं वाक्य खोडावं ते मला तेव्हा कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही.

“अन् गंमत ऐका,” कुंदाताई म्हणाल्या. “त्याच कलमात आई-बापांले पण पोटगी आहे. बंटीची माय उद्या कोर्टात गेली, म्हटलं माझा लेक मले पोसत नाही, तर तिलेही मिळन. बंटीकडून!”

“आणि त्याने थकवली तर?”

“तर वॉरंट. अन् ते पैसे भरायले कोण जाईन?”

आम्ही दोघी हसलो, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. मग वातावरण हलकं करायला त्यांनी जयपूरचा किस्सा काढला, जो २०२३ मध्ये सगळ्या पेपरांत आला होता. तिथल्या एका नवऱ्याने थकबाकीपैकी पंचावन्न हजार भरले ते एक आणि दोन रुपयांच्या नाण्यांत. सात पोती! कोर्टाने ती घेतली, पण मोजायचं काम त्याच्याच गळ्यात घातलं; हजार-हजारची पाकिटं करून आण म्हणाले.

“मी खिडकीवर असती न,” कुंदाताई म्हणाल्या, “तर कायदा दाखवला असता. नाणी हजार रुपयांपर्यंतच घ्यायची सक्ती आहे. त्याच्यावर घेतली तर ती आमची मर्जी. सात पोती अन् माझी मर्जी!”

“माणूस इतका चिडतो का पण? पैसे स्वतःच्याच पोरीला जातात.”

“पोरीले जातात असं कोण्या बापाले वाटतच नाही. त्याले वाटते, तिले जातात. अन् पोरगी तर भेटत नाही. बंटी हेच म्हणत होता, भेटूच देत नाही तर पैसे कायचे? किती जणांले समजावलं मी, भेटीचा अर्ज वेगळा, पोटगी वेगळी. भेट नाही म्हणून पोटगी थांबत नाही, पोटगी नाही म्हणून भेट थांबत नाही. लेकरू काही तिकीट काढून पाहायचा खेळ नाही. हे दोन्हीकडच्या वकिलांले पाठ असते, अन् दोन्हीकडचे वकील आपापल्या माणसाले सांगत नाहीत.”

भेटीचा अर्ज बंटीने केला होता का, हे मी विचारलं. केला नव्हता. बाप म्हणून पोरीला भेटायचा अर्ज त्याने कधी केला नाही, आणि बायकोचा वकील ते प्रत्येक तारखेला सांगतो. म्हणजे माझं मन जे मघापासून त्या टिनाच्या शेडखाली उभं होतं ते पुन्हा वर्ध्याच्या गाडीत बसलं.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. कुंदाताईंच्या फाटकाची. बंटीची आई. आम्ही दोघी अशा काही दचकलो की माझ्या हातून खसेची जुडी भिंतीपलीकडे पडली.

“कुंदाताई, आहात न?” तिचा चेहरा दोन दिवसांत निम्मा झाला होता. मला पाहून तिने पदर सारखा केला. “आला तो. काल रात्री. झोपून राहिला आता. हे जरा पाहता का, बरोबर आहे का म्हणून. मले इंग्रजी नाही वाचता येत.”

तिने प्लास्टिकच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढून दिला. कुंदाताईंनी चष्मा खाली घेऊन पाहिला आणि परत दिला.

“हे नाही. हे सोन्याचं आहे, गहाणाचं.”

“अगं माय. हो.” तिने पिशवीत पुन्हा हात घातला. दुसरा कागद काढला. तिच्या मनगटावर जिथे पाटल्या होत्या तिथली कातडी बाकीच्या हातापेक्षा गोरी होती.

कुंदाताईंनी कागद वाचला. सत्त्याहत्तर हजार, शिक्का, सही, तारीख. “बरोबर आहे. हा जपून ठेवा. झेरॉक्स काढून घ्या, शाई उडते याची.”

“ह्याच्यात पोरीचं नाव आहे का?”

“आहे.”

“कुठं?”

कुंदाताईंनी बोट ठेवलं. बंटीच्या आईने त्या बोटाखालची ओळ बराच वेळ पाहिली, वाचता येत असल्यासारखी. मग म्हणाली, “आता दुसरीत गेली असन न?”

“तिसरीत जाईन जूनमध्ये,” कुंदाताई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे वळून वाटी पुढे केली. “वैनी, विरजण द्या थोडं. अन् दोन कप चहाचं आधण ठेवा तुमच्याकडं, माझा गॅस संपला आहे.”

गॅस संपलेला नव्हता. सकाळीच सिलेंडर आलं होतं, मीच सही करून घेतलं होतं. मी तीन कपांचं आधण ठेवलं.